लोगो करून घेताना मूळ फाइल आणि लेखी हक्क आधी मागा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात हळदीचा दर येतो, बेदाण्याच्या सौद्याची बातमी येते, पावसाळ्यात कृष्णेची पाणीपातळी येते, आणि आम्ही ते सगळं सकाळी चहाबरोबर वाचतो. पण हीच हळद, हाच बेदाणा पाकिटात भरून स्वतःच्या नावानं विकायला ज्यांनी सुरुवात केलीय त्या छोट्या माणसांना एका गोष्टीत हमखास फटका बसतो, आणि त्याबद्दल कुठं काही छापून आलेलं मी तरी वाचलं नाही. ती गोष्ट म्हणजे धंद्याचा लोगो. ऐकायला किरकोळ वाटेल, पण आमचे त्यात पैसे गेले, दोन वर्षं गेली आणि शेवटी नावसुद्धा बदलावं लागलं, म्हणून लिहायला बसले.

मी सांगलीत हळद पावडर आणि कांदा-लसूण चटणी करून विकते. मी, माझ्या जाऊबाई आणि कामाला पाच बायका, मिस्टर गाडी आणि वसुली बघतात. ब्रँडचं नाव इथं मुद्दाम लिहीत नाही, जाहिरात वाटायला नको. परवा एका बचत गटांच्या प्रदर्शनात आमचा स्टॉल होता, सहज फिरून बघितलं तर चार स्टॉलवर एकच चित्र, डोक्यावर पदर घेतलेली बाई आणि हातात परडी. एक पापडाचा, एक लोणच्याचा, दोन मसाल्याचे. चौघींनाही माहीत नव्हतं की आपलं चित्र शेजारणीकडं पण आहे, प्रत्येकीला वाटत होतं आपल्यासाठीच काढलंय. त्यातल्याच एका स्टॉलपाशी पलूसकडच्या एक ताई भेटल्या, त्यांचा अजून लोगो झालेला नव्हता, त्यांनी विचारलं, "ताई, पाचशे रुपयात लोगो होतोय म्हणतात, टाकू का करायला?" त्यांना मी तासभर उभ्यानं सांगत होते. तेच इथं सगळ्यांसाठी लिहिते.

आमचा पहिला लोगो झाला २०१६ साली. ओळखीचा मुलगा होता, फ्लेक्सचं दुकान, वाढदिवसाचे बोर्ड वगैरे करायचा, चांगला मुलगा, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. चूक आमची होती, आम्ही त्याच्या खुर्चीमागं सहा जण उभे राहिलो. सासऱ्यांना गणपती पाहिजे होता, कारण सांगलीचा गणपती. मला हळकुंड पाहिजे होतं. जाऊबाईंना लाल मिरच्या. दीर म्हणाले खाली "शुद्ध, घरगुती, पारंपरिक" असं तिन्ही यायला पाहिजे आणि मोबाईल नंबर पण. मिस्टरांना सोनेरी अक्षरं, आणि त्याला मागून उजेड पडल्यासारखं. त्या मुलानं बिचाऱ्यानं सगळं बसवलं. कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर ते इतकं झगझगीत दिसत होतं की आम्ही तिथंच पेढे वाटले. त्यानं व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला, आम्ही तो डीपीला लावला आणि आमच्या मते लोगोचं काम संपलं.

खरं तर काम तिथं सुरू व्हायला पाहिजे होतं. पहिला दणका शिक्क्याला बसला. बिलबुकावर मारायला रबरी शिक्का करायला दिला तर गणपती, हळकुंड, मिरच्या सगळं मिळून काळा डाग. मग पन्नास ग्रॅमचं छोटं पाकीट केलं, त्याच्यावर ती तीन शब्दांची ओळ मुंगीएवढी झाली, कुणाला वाचता येईना. पिवळ्या अक्षरांचं नाव पांढऱ्या पाकिटावर लांबून दिसायचंच नाही, दुकानदार म्हणायचा, वहिनी, गिऱ्हाईक विचारतंय हे कुणाचं आहे. आणि स्क्रीनवरचा तो झगझगीत केशरी रंग छापून आला तो विटकरी आला. मी छापखानेवाल्याशी भांडले, त्यानं शांतपणे समजावलं की स्क्रीनचा रंग उजेडाचा असतो, लाल-हिरवा-निळा मिळून होतो, छपाई शाईची असते, त्यात आकाशी, गुलाबी, पिवळा आणि काळा अशा चार शाया, आणि स्क्रीनवरचे सगळे भडक रंग या चार शायांत बसत नाहीत. ज्यानं लोगो केला त्यानं छपाईच्या रंगांचे आकडे लिहून द्यायचे असतात आणि एकदा कागदावर प्रूफ काढून दाखवायचं असतं. हे आम्हाला तेव्हा समजलं, पाकिटं छापून झाल्यावर.

त्यानंतर पाऊचचा प्रसंग. दुकानातनं मागणी यायला लागली म्हणून छापील पाऊच करायचं ठरलं, त्या कारखान्यात गेलो तर त्यांनी विचारलं सीडीआर फाइल, म्हणजे कोरलड्रॉमधली मूळ फाइल, आणलीय का. आम्ही मोबाईल पुढं केला. ते म्हणाले हा जेपीजी फोटो आहे, तोसुद्धा व्हॉट्सॲपनं दाबून बारीक केलेला, मोठा केला की फुटणार. वर आमच्या लोगोत इतके रंग आणि सावल्या की रोटो छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा सिलेंडर लागतो, तो खर्च ऐकूनच आम्ही गप्प बसलो. मूळ फाइल आणायला त्या फ्लेक्सच्या मुलाकडं गेलो, त्यानं शोधून दिली पण, पण ती त्या कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर उघडली तर आमच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी, कारण त्यानं वापरलेला जुन्या पद्धतीचा मराठी फॉन्ट यांच्याकडं नव्हता. तिथल्या पोरानं मग स्वतःच्या मनानं दुसऱ्या फॉन्टात नाव टाइप केलं, त्यात रफार एका अक्षरानं पुढं सरकला, आणि अख्खी पाच हजार पाऊच तशीच छापून आली. आमचं नाव आमच्याच पाकिटावर चुकलेलं होतं संपादक साहेब. ज्यानं त्यानं लिहून घ्यावं, लोगोची फाइल घेताना त्यातली अक्षरं कर्व्ह करून घ्यायची, म्हणजे अक्षराचं चित्र होतं, मग फॉन्ट असो नसो ते जगात कुठंही तसंच उघडतं. डीटीपीवाल्याला एवढं एक वाक्य सांगितलं की कळतंय, दोन मिनिटांचं काम असतं.

मग आला २०१९ चा ऑगस्ट. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, बाजारपेठेत दुकानंच्या दुकानं बुडाली हे सगळ्यांनी बघितलंय. त्या मुलाचं दुकान पाण्यात गेलं, कॉम्प्युटर गेला, आमची एकुलती एक मूळ फाइल त्यात गेली. त्याच्या नुकसानीपुढं आमच्या फाइलचं काय बोलायचं, आम्ही त्याला विचारलंसुद्धा नाही. पण ती फाइल आमच्या मेलमध्ये का नव्हती, हा प्रश्न मी स्वतःला विचारला. आमच्या गोडाऊनमध्ये पण चार फूट पाणी होतं. पाणी उतरल्यावर आम्ही चिखल काढायला गेलो तेव्हा फावड्याबरोबर आमची पाकिटं बाहेर यायला लागली, प्रत्येकावर गणपती. सासरे तिथंच खाली बसले. एक एक पाकीट हातानं वेचून त्यांनी बादलीत धुतलं. त्या दिवशी ते म्हणाले, पोरी, देव पाकिटावर नको, पाकीट शेवटी पायाखालीच जातंय. मी तोपर्यंत हा विचार केलेला नव्हता. देवाचं चित्र घालू नका असं मी कुणाला सांगणार नाही, ज्याची त्याची श्रद्धा, पण रिकामं पाकीट कुठं जाऊन पडतं ते एकदा डोळ्यापुढं आणा आणि मग ठरवा.

याच्यातच नावाचं प्रकरण चालू होतं. आम्ही २०१८ मध्ये ट्रेडमार्कसाठी, म्हणजे नावाच्या कायदेशीर नोंदणीसाठी, अर्ज केला होता, लोगो करून, पाकिटं छापून, बोर्ड लावून झाल्यावर. आमचं नाव म्हणजे एका देवीचं नाव आणि पुढं मसाले. तपासणीचा रिपोर्ट आला की याच नावाचे, मसाल्याचेच, आधीचे मार्क रजिस्टरवर आहेत. उत्तर दिलं, वकिलाची फी भरली, उपयोग झाला नाही, आणि सरकारी फी परत मिळत नसते. ट्रेडमार्क ऑफिसच्या वेबसाइटवर पब्लिक सर्च म्हणून सोय आहे, फुकट आहे, नाव टाकून शोधता येतं, उच्चार सारखा असलेली नावं पण दाखवतं. आम्ही ते अर्ज करायच्या आधी नाही, फ्लेक्सच्या दुकानात पाऊल टाकायच्या आधी बघायला पाहिजे होतं. आधी नाव तपासायचं, मग लोगो. आम्ही उलटं केलं.

ट्रेडमार्क करायला जाणाऱ्यांसाठी माहिती म्हणून लिहिते. मालाचे आणि सेवांचे मिळून ४५ वर्ग आहेत, हळद पावडर, मसाले, चटणी हे ३० व्या वर्गात येतं, बेदाणा २९ व्या. ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला वैयक्तिक अर्जदार, स्टार्टअप आणि लघुउद्योगाला ४,५०० रुपये, बाकीच्यांना ९,०००, त्यामुळं उद्यम नोंदणी आधी करून घेतली तर फर्मच्या नावानं अर्ज करतानासुद्धा पैसे वाचतात. रिपोर्ट आला तर ३० दिवसांत उत्तर द्यायचं असतं. अर्ज ट्रेडमार्क ऑफिसच्या जर्नलमध्ये छापून आला की चार महिने कुणालाही हरकत घेता येते, आणि नोंदणी झाली की ती दहा वर्षं चालते, पुढं फी भरून वाढवता येते. लोगो काळ्या-पांढऱ्यात नोंदवला, रंगाची मर्यादा न घालता, तर तो सगळ्या रंगांसाठी धरला जातो, ही १९९९ च्या कायद्यातच सोय आहे आणि बऱ्याच जणांना ती माहीत नसते. आणि तो गोलातला आर, तो नोंदणी पूर्ण झाल्यावरच लावायचा. अर्ज केलाय म्हणून लगेच आर छापणारे मी आपल्या बाजारात कितीतरी बघितले, ते कायद्यात बसत नाही, तोपर्यंत टीएम लिहायचं.

दुसरी एक गोष्ट आपल्या सातारा-सांगलीकडं फार होते. महाराजांवर आपलं प्रेम आहे, म्हणून लोगोत महाराजांचं चित्र, दुकानाला महाराजांचं नाव. पण १९५० चा एक कायदा आहे, बोधचिन्हं आणि नावांच्या गैरवापराला बंदी घालणारा, त्याच्या यादीत राष्ट्रध्वज, अशोकस्तंभाची मुद्रा यांच्याबरोबर छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्रसुद्धा आहे, महात्मा गांधींचं आहे. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ते व्यापारासाठी किंवा ट्रेडमार्क म्हणून वापरता येत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी, चिखलातलं ते पाकीट आठवलं की मला वाटतं महाराज पण पाकिटावर नकोतच.

तसंच "सांगली हळद" या नावाचं. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, बेदाण्याला त्याच्या आधी २०१६ मध्ये. ही आपल्या सगळ्या जिल्ह्याची कमाई आहे. पण त्यामुळं "सांगली हळद" हे नाव कुणा एकाच्या लोगोचं होत नाही, आणि जीआयचा शिक्का लावायचा तर अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंदणी लागते. लोगोत मोठ्या अक्षरात सांगली हळद आणि कोपऱ्यात बारीक आपलं नाव अशी पाकिटं मी बघते तेव्हा वाईट वाटतं, उद्या शेजाऱ्यानं पण तेच छापलं तर यांच्याकडं स्वतःचं काय राहिलं?

आता दुसऱ्या लोगोचं सांगते, कारण त्यातनं मी जास्त शिकले. नवीन नाव शोधून, तपासून झाल्यावर आम्ही अप्लाइड आर्ट शिकलेल्या एका मुलीकडं गेलो. तिनं पहिल्या दिवशी एक रेघ पण ओढली नाही. दोन तास नुसते प्रश्न. हे कुठं कुठं छापणार? सगळ्यात लहान कुठं, सगळ्यात मोठं कुठं? पोत्यावर स्टेन्सिल मारता का? टेम्पोवर रेडियम लावणार का? माल घेणारी बाई साधारण कोण, कुठं घेते, वाचून घेते का रंग बघून घेते? शेजारच्या फळीवर कुणाची पाकिटं असतात? मग ती स्वतः दुकानात जाऊन फळीचा फोटो काढून आली आणि दाखवलं की बघा काकू, सगळेच लाल आणि पिवळे आहेत, तुम्ही पण तेच केलं तर दिसणार कसं. मिस्टरांनी एका मोठ्या मसाल्याच्या ब्रँडचं पाकीट दाखवून म्हटलं असंच कर थोडा फरक करून, तर ती सरळ नाही म्हणाली. लोक फसून घेतील आणि ती कंपनी नोटीस पाठवेल, म्हणाली. मला ती त्याच वेळी आवडली.

नंतर ती आमच्याबरोबर हरिपूरला आली. तिथली हळदीची पेवं तुम्हाला माहीत आहेतच, जमिनीत खोल खणलेली, तोंड अरुंद आणि आत पोट मोठं, त्यात हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या पुरात त्यातली खूप पेवं गेली. माझ्या माहेरचे त्यांचा माल तिथं ठेवायचे, आजोबा पेवाचं तोंड बंद करताना मला हात धरून दाखवायचे. मी हे तिला सहज बोलता बोलता सांगितलं, लोगोसाठी म्हणून नाही. पुढच्या आठवड्यात ती आली तर वहीत पेन्सिलीनं काढलेली पंचवीस-तीस चित्रं, आणि त्यात एक पेवाचा उभा छेद, वर छोटं तोंड, खाली गोल पोट, आणि पोटात एकच हळकुंड. नुसत्या काळ्या रंगात. जाऊबाई म्हणाल्या हे तर मडकं वाटतंय. तिनं ते मनावर घेतलं, तोंडाजवळ जमिनीची एक आडवी रेघ ओढली आणि चित्र जमिनीखाली गेलं. एका रेघेनं. रंग तिनं शेवटच्या दिवशी दाखवला, ती म्हणाली काळ्यात जे उभं राहत नाही ते रंगानं उभं राहणार नाही.

तिनंच मला स्टेट बँकेचा लोगो दाखवला. आपण पासबुकावर रोज बघतो, निळा गोल आणि खाली चीर, १९७१ सालचा आहे, अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेतल्या शेखर कामतांनी केलेला. शिक्क्यावर मारा, एटीएमवर लावा, पोरानं वहीत काढला तरी ओळखू येतो. रुपयाचं चिन्ह पण तसंच, २०१० मध्ये आलं, उदय कुमार यांनी केलेलं, आपला देवनागरी र आणि वर दोन रेघा, भाजीवाली मावशीसुद्धा पाटीवर खडूनं काढते. खडूनं काढता येतंय का, ही परीक्षा मला पटली. आमच्या पहिल्या लोगोला कुणी खडू लावायचं धाडस केलं नसतं.

अक्षरांबद्दल पण तिचं म्हणणं लिहिण्यासारखं आहे. आपण बहुतेक जण लोगो इंग्रजीत करून घेतो, मोठं वाटतं म्हणून, आणि मराठी नाव बोर्डवाला त्याच्या मनानं कुठल्यातरी फॉन्टात टाकतो. आता राज्याच्या कायद्यात २०२२ मध्ये जी दुरुस्ती झाली तिच्याप्रमाणं लहान दुकानांनासुद्धा पाटीवर मराठी देवनागरीत पाहिजेच आणि ते दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाही, सुप्रीम कोर्टानं पण २०२३ मध्ये दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली होती. मग मराठी अक्षर लोगोतच नीट घडवून घ्या की, इंग्रजी त्याच्या जोडीला येऊ दे. आणि घडवताना बघायचं ल आणि श मराठी वळणाचे आहेत का हिंदी वळणाचे, बऱ्याच फॉन्टात न विचारता हिंदी वळणाचे येतात. नावात जोडाक्षर असेल तर ते लहान करून बघायचं. शुद्धलेखन चार जणांना दाखवायचं, आशीर्वाद दुसरी वेलांटी का पहिली हे बोर्ड चढवल्यावर विचारून काय उपयोग. फॉन्टला पण परवाना असतो, कुठनंतरी उतरवलेला घेऊन चालत नाही, मुक्ता, बालू असे चांगले मराठी फॉन्ट मोफत परवान्यात मिळतात.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्याच्यासाठी मी खरं तर हे पत्र लिहायला घेतलं. पैसे दिले म्हणजे लोगो आपला झाला असं आपण धरून चालतो. तसं नाही. माझा भाचा वकिली करतो, त्यानं मला १९५७ चा कॉपीराइट कायदा काढून वाचून दाखवला. बाहेरच्या डिझायनरकडनं काम करून घेतलं आणि काही लेखी केलं नाही तर त्या चित्राचा पहिला मालक तो डिझायनरच राहतो. हक्क आपल्याकडं यायचा तर त्याच्या सहीचं लेखी पाहिजे. त्यात पण मुदत लिहिली नाही तर पाचच वर्षांसाठी धरतात आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरतं. म्हणजे आज केलेला लोगो, धंदा वाढला, मुलगा दुबईला माल पाठवायला लागला, तर तोपर्यंत मुदतच संपलेली! मी हे ऐकून दोन दिवस अस्वस्थ होते. नोकरीवर असलेल्या माणसानं नोकरीचा भाग म्हणून काढलं तर मालकाचं होतं, पण आपल्यातल्या किती जणांकडं पगारी डिझायनर आहे?

म्हणून आम्ही त्या मुलीकडनं साध्या कागदावर लिहून घेतलं, तिलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. साधारण असं, की हा लोगो, त्याचे सगळे प्रकार आणि मूळ फाइल यांचे कॉपीराइटचे सर्व हक्क मी अमुक रक्कम घेऊन अमुक फर्मला कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी आणि जगभरासाठी देत आहे, यातलं चित्र मी स्वतः काढलं आहे, कुठूनही उचललेलं नाही. खाली दोघींच्या सह्या, तारीख. हे काम सुरू व्हायच्या आधी ठरवायचं आणि शेवटचे पैसे देताना सही घ्यायची, नंतर मागायला गेलं की कडवटपणा येतो. चित्र स्वतः काढलंय, उचललेलं नाही, हे वाक्य विसरू नका, त्या चार स्टॉलवरच्या बाईचा प्रश्न तिथंच सुटतो. मोबाईलवर कॅनव्हासारख्या ठिकाणी तयार टेम्प्लेटवर लोगो करतात ते पण चित्र सगळ्यांना खुलं असतं, त्यावर एकट्याचा ट्रेडमार्क सांगता येत नाही. सुरुवातीला स्टिकरपुरतं चालेल, पण त्याच्यावर दहा वर्षांचा धंदा उभा करू नका.

फाइलींचं सांगून टाकते. सीडीआर किंवा एआय (इलस्ट्रेटरची फाइल), म्हणजे कितीही मोठी केली तरी न फुटणारी, एक पीडीएफ, मागं पांढरा चौकोन न येणारी पीएनजी. रंगीत, नुसती काळी, आणि गडद पाकिटावर छापायला पांढरी. आडवी आणि उभी. रंगांचे आकडे लिहिलेला एक कागद. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नाही, मेलवर मागवा, आणि तो मेल फर्मचा असू दे, भाच्याचा नको. आम्ही एक पेन ड्राइव्ह पुण्याला नणंदेकडं पण ठेवलाय, पुरानंतर एवढी सवय लागली.

पैशाचं पण बोललं पाहिजे. पाचशेचा लोगो करणारा वाईट असतो असं माझं म्हणणं नाही, पण पाचशे रुपयात तो दोन तास प्रश्न विचारणार नाही, हरिपूरला येणार नाही, त्याला परवडतच नाही. आपण डब्याच्या झाकणाला चार दुकानं फिरतो आणि लोगोला एक संध्याकाळ देतो. आणि चार डिझायनरकडनं फुकट नमुने मागवून, एक आवडला की बाकीच्यांना नको म्हणायचं, हे मला बिलकूल पटत नाही. आपली चटणी कुणी चार ठिकाणी फुकट चाखून एकाकडनं घेतली तर आपण चमचाभर देतो, किलोभर देत नाही. अर्धा ॲडव्हान्स द्या, किती बदल करून मिळणार ते आधी ठरवा, आणि घरातला एकच माणूस तिच्याशी बोलेल असं ठरवा. आमच्यात दुसऱ्या वेळी मीच बोलत होते, दिरांना मोबाईल नंबर पाकिटाच्या मागं देऊन टाकला.

तुमच्याकडं आणि तुमच्यातर्फे जिल्हा उद्योग केंद्राकडं माझी एक विनंती आहे. कर्जाची, अनुदानाची शिबिरं होतात तशी वर्षातनं एकदा नाव तपासणी, लोगो आणि ट्रेडमार्कची एक दिवसाची कार्यशाळा घ्या, सांगलीत एक, तासगाव-विट्याकडं एक, साताऱ्यात एक. त्याला छापखानेवाले, पाऊचवाले, बोर्डवाले पण बोलवा, कारण खरी अडचण त्यांच्या टेबलावर येऊन कळते. हक्काच्या त्या लेखी कागदाचा मराठी नमुना तुमच्या पेपरात एका चौकटीत छापला तरी खूप होईल, लोक कात्रण ठेवतील. जमलं तर श्रावणाच्या आत छापा, दिवाळीच्या पाकिटांच्या ऑर्डरी तेव्हाच जातात.

पलूसच्या त्या ताईंचा काल फोन आला होता. त्यांनी मुलाला बसवून पब्लिक सर्चमध्ये नाव टाकलं, त्याच नावाचा लोणच्याचा मार्क आधीच कुणाचा तरी निघाला. त्या दुसरं नाव शोधताहेत, लोगोवाल्याला अजून ॲडव्हान्स दिलेला नाही.

आपली नम्र,
हळद-चटणीचा व्यवसाय करणारी एक वाचक, सांगली